नव्याच्या सणाआधीचा हिशेब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ज्यू नववर्ष जवळ आले की वर्तमानपत्रांतून त्याची एका चौकटीपुरती दखल घेतली जाते. रोश हशाना हे नाव, शोफार म्हणजे मेंढ्याचे शिंग, मधाबरोबर खाल्ले जाणारे सफरचंद आणि शेवटी समस्त ज्यू बांधवांना शुभेच्छा, एवढे त्यात असते आणि त्यात चूक काहीच नसते. मात्र नववर्षाच्या आधीचा एलूल महिना आमच्याकडून जे मागतो, ते त्या चौकटीत कधी येत नाही. आणि इतरांना नावे ठेवण्याआधी हेही कबूल केले पाहिजे, की अलीकडे ते आमच्या घरांतही फारसे दिसत नाही. त्याविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते. या पत्रामागे दुसरेही एक कारण आहे, पण ते शेवटाकडे आले तरच नीट कळेल.

मी रायगड जिल्ह्यातला, बेने इस्रायल समाजातला, सत्तरी ओलांडलेला वाचक आहे. आमची मातृभाषा मराठी. नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटले आणि त्यातून वाचलेली सात जोडपी हे आमचे मूळ, असे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. आमच्या पूर्वजांनी कोकणात गावोगावी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, म्हणून घाणा बंद ठेवला आणि त्यामुळे लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. ज्या गावात राहिलो त्या गावाचे नाव आडनावात आले, म्हणून आमच्यात पेणकर, रोहेकर, अष्टमकर, नवगावकर आहेत. प्रार्थनालयाला आम्ही 'मशीद' म्हणत आलो; सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत 1796 साली उभारलेले पहिले प्रार्थनालय 'जुनी मशीद' म्हणूनच ओळखले गेले. आता आमच्यातले बहुतेक लोक इस्रायलमध्ये आहेत आणि इथे काही हजारच उरले आहेत.

आमच्या आज्या हिब्रू नावे वापरत नसत. रोश हशाना हा त्यांचा 'नव्याचा सण'. त्यानंतर दहाव्या दिवशी येणारा योम किप्पूर, म्हणजे उपवासाचा आणि प्रायश्चित्ताचा दिवस, हा 'दरफळणीचा सण', कारण त्या दिवशी घराची दारे लावून, पांढरे कपडे घालून, अन्नपाण्याशिवाय घरात बसायचे असे. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी 'शिळा सण': दारे उघडायची, गोरगरिबांना दान द्यायचे, एकमेकांच्या घरी जायचे. ही नावे आता म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीच उरली आहेत. मला मात्र ती हिब्रू नावांपेक्षा नेमकी वाटतात, कारण त्यांत दाराचा उल्लेख आहे, आणि एलूल महिन्यातला सगळा प्रश्न तोच आहे: दार लावून घेण्याआधी आपण कोणाच्या दाराशी जाऊन आलो?

ज्यू पंचांग चांद्र आहे. ऋतूंशी मेळ राखण्यासाठी हिंदू पंचांगातल्या अधिक मासासारखा त्यात 19 वर्षांत 7 वेळा तेरावा महिना धरला जातो. त्यामुळे नव्याचा सण बहुधा नवरात्राच्या तोंडावर येतो. दोन्ही पंचांगांचे अधिक महिने पुढेमागे झाले, तर कधी गणपतीच्याच सुमारास येतो. त्याच्या आधीचा महिना एलूल. हा महिना लागला की पहाटे उठून सेलिहोथ, म्हणजे क्षमायाचनेच्या प्रार्थना म्हणायच्या. आम्ही सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या ज्यूंच्या, पद्धतीने चालतो, म्हणून आमच्याकडे हे महिनाभर चालते. युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंकडे सेलिहोथ नववर्षाच्या थोडे दिवस आधी सुरू होतात, पण त्यांच्याकडे शोफार मात्र महिनाभर सकाळी वाजतो. लहानपणी मला या पहाटेच्या प्रार्थनांचे फार आकर्षण होते. अंधारात कंदील घेऊन मशिदीत जायचे, म्हाताऱ्यांच्या जोडीने चालीत म्हणायचे आणि परत येताना उजाडलेले असायचे. आपण काही गुन्हा केला आहे आणि त्याची क्षमा मागतो आहोत, हे त्या वयात जाणवत नसे. आणि खरे म्हणजे पुढे चाळीस वर्षेही फारसे जाणवले नाही.

या महिन्यात जे करायचे असते त्याला हिब्रूत 'हेश्बोन हानेफेश' म्हणतात. 'हेश्बोन' हा आपल्या 'हिशेब' या शब्दाचा चुलतभाऊ आहे. आपला शब्द अरबीतून आला आणि अरबी व हिब्रू या सख्ख्या शेजारणी. म्हणजे जिवाचा हिशेब, असे सरळ म्हणता येईल. हिशेब म्हटला की त्यात नाव आले, तारीख आली, आकडा आला. 'वर्षभरात इकडेतिकडे काही चुकले असेल' अशी नोंद कोणत्याही वहीत चालत नाही, आणि इथेही ती चालत नाही.

याबद्दलचा मूळ नियम मिश्ना या आमच्या जुन्या नियमग्रंथामध्ये, योमा या प्रकरणाच्या अखेरीस आहे. माणूस आणि देव यांच्यातल्या अपराधांचे प्रायश्चित्त योम किप्पूरच्या दिवशी होते. माणूस आणि माणूस यांच्यातल्या अपराधांचे मात्र, ज्याचा अपराध केला त्याची समजूत घातल्याशिवाय, त्या दिवशीही होत नाही, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. या एका वाक्याचा भार फार आहे. पंचवीस तास पाण्याचा थेंब न घेता उभे राहून प्रार्थना केली, तरी शेजाऱ्याचे जे देणे आहे ते देव आपल्या खात्यातून चुकते करणार नाही. त्याच ठिकाणी आणखी एक इशारा आहे: 'पाप करीन आणि पश्चात्ताप करीन, पुन्हा पाप करीन आणि पुन्हा पश्चात्ताप करीन' असे जो म्हणतो, त्याला पश्चात्तापाची संधीच दिली जात नाही.

बाराव्या शतकात मायमोनिदीस यांनी या नियमाची व्यवहारात उतरणारी मांडणी केली. कोर्दोबात जन्मलेले, कैरोजवळच्या फुस्तातमध्ये वैद्यकी करणारे आणि 1204 साली वारलेले हे धर्मपंडित. त्यांचा धाकटा भाऊ डेव्हिड व्यापारासाठी निघाला असता हिंदी महासागरात बुडाला, म्हणून मला ते उगीचच जवळचे वाटतात. ते म्हणतात की एखाद्याचे पैसे बुडवले असतील तर ते परत केले तरी काम संपत नाही, त्याची क्षमाही मागावी लागते. त्याने नकार दिला तर तीन माणसे बरोबर घेऊन जावे, पुन्हा जावे, तिसऱ्यांदा जावे. त्यानंतरही त्याने क्षमा केली नाही तर त्याला सोडून द्यावे. आता दोष नकार देणाऱ्याचा. दुखावलेली व्यक्ती आपले गुरू असतील तर मात्र हजार वेळा जावे. ती व्यक्ती मरण पावली असेल तर दहा माणसांना घेऊन तिच्या कबरीवर जावे आणि तिथे उभे राहून आपला अपराध सांगावा. दुसरीकडे, जो मनापासून क्षमा मागतो आहे त्याला क्षमा न करणे ही निष्ठुरता होय, असेही ते बजावतात.

या बारकाव्यांकडे पाहिले की हल्ली आमच्यात रुळलेल्या पद्धतीची लाज वाटते. नव्याच्या सणाच्या आदल्या दिवशी मोबाइलवर एक मजकूर येतो: 'वर्षभरात कळत-नकळत आपले मन दुखावले असल्यास क्षमस्व.' खाली शोफारचे चित्र असते. तोच मजकूर आपण पुढे दोनशे जणांना पाठवतो. त्यात ज्यांना आपण वर्षभरात भेटलोही नाही असे एकशे नव्वद जण असतात आणि ज्याला खरोखर दुखावले तो बहुतेक नसतोच, कारण त्याचा नंबर आपण केव्हाच काढून टाकलेला असतो. 'असल्यास' या शब्दाने तर कमाल केली आहे. दुखावले आहे की नाही हे शोधण्याचे कामसुद्धा त्या शब्दाने समोरच्यावर ढकलले जाते. हा मजकूर वाईट हेतूने पाठवला जात नाही हे मला ठाऊक आहे, मीही तो पाठवत आलो आहे. पण त्याला क्षमायाचना म्हणणे म्हणजे कोऱ्या धनादेशाला परतफेड म्हणणे झाले.

नव्याच्या सणाला दुपारी आम्ही समुद्रावर किंवा खाडीवर जातो. 'तू त्यांची सर्व पापे समुद्राच्या खोल तळाशी टाकशील' या मीखा संदेष्ट्याच्या वचनाला धरून पाण्याकाठी प्रार्थना म्हणायची आणि कपड्यांची टोके, खिसे झटकायचे. लहान मुलांना हे फार आवडते, आणि आवडावे असेच आहे. पण समुद्र जे घेऊन जातो ते देवाच्या खात्यावरचे. माणसाचे जे देणे आहे ते भरतीबरोबर परत किनाऱ्याला लागते.

त्या दिवशी सकाळी मशिदीत काय वाचले जाते, याकडे मला विशेष लक्ष वेधायचे आहे. नववर्षाचा पहिला दिवस. वाटेल की विश्वाच्या निर्मितीचा अध्याय वाचत असतील. तसे नाही. तोरा या आमच्या मूळ धर्मग्रंथामधून वाचला जातो तो हागारचा अध्याय: घरातून बाहेर काढलेली दासी, पखालीतले पाणी संपलेले, झुडपाखाली टाकलेले मूल आणि 'मुलाचे मरण मला पाहायला नको' म्हणून दूर जाऊन बसलेली आई. तिला घराबाहेर काढणारे आमचेच मूळ पुरुष अब्राहाम आणि सारा. वर्षाचा पहिला धडा असा, की आपल्या घरातून कोण, कसे बाहेर काढले गेले ते आधी ऐका.

त्याच दिवशी संदेष्ट्यांच्या ग्रंथातून हन्नाची गोष्ट वाचली जाते. मूलबाळ नसलेली हन्ना मंदिरात ओठ हलवत, आवाज न करता प्रार्थना करते आहे आणि दाराशी बसलेले याजक एली तिला दारू प्यालेली समजतात. ते तिला तोंडावर बोलतात. ती म्हणते, नाही स्वामी, मी दुःखी स्त्री आहे, मी मद्य घेतलेले नाही. एली लगेच आपले शब्द मागे घेऊन तिला आशीर्वाद देतात. यावरून तालमूद, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांचा ग्रंथ, यातील विद्वानांनी नियम काढला, की ज्याने निरपराध माणसावर संशय घेतला त्याने त्याची समजूत काढावी, एवढेच नव्हे तर त्याला आशीर्वादही द्यावा. संशय म्हणजे ज्याचा पुरावा मागे उरत नाही असा अपराध. पैसे घेतले तर पावती निघते, हात उगारला तर वळ उठतो. संशयाने मात्र समोरच्याचे काय गेले ते त्यालाही नीट दाखवता येत नाही. म्हणूनच कदाचित तो वर्षाच्या पहिल्याच दिवशी वाचनात ठेवला असावा. हे माझे मत झाले, धर्मशास्त्र नव्हे.

बेने इस्रायल समाजाला संशय म्हणजे काय हे शिकवायची गरज नाही, निदान तो आपल्यावर घेतला जातो तेव्हा. 1962 साली इस्रायलच्या मुख्य रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, असा निर्देश काढला, की बेने इस्रायल व्यक्तीचा इतर ज्यू व्यक्तीशी विवाह लावण्यापूर्वी तिच्या आधीच्या पिढ्यांची चौकशी करावी. घरदार सोडून, मराठी बोलत तिथे गेलेल्या माणसांना त्यांची आजी कोण होती याचे दाखले मागितले गेले. लोक जेरुसलेममध्ये रस्त्यावर उतरले, उपोषणे झाली, आणि 1964 साली पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने बेने इस्रायल हे सर्व बाबतींत ज्यू आहेत असे संसदेत जाहीर केल्यावर तो प्रश्न मिटला. त्याआधी मुंबईत बगदादी ज्यूंनीही आमच्याबद्दल असाच आडपडदा ठेवला होता. आमच्या घरांतून ही हकिगत आजही रागाने सांगितली जाते आणि तो राग योग्य आहे.

पण एलूल हा दुसऱ्याचा हिशेब तपासण्याचा महिना नाही. आमच्यातच 'गोरे इस्रायल' आणि 'काळे इस्रायल' असा भेद होता, हे आम्ही तितक्या आवाजात सांगत नाही. मिश्र विवाहातून जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना 'काळे' ठरवून त्यांच्याशी रोटीबेटीचा व्यवहार टाळला जात असे, मशिदीतही त्यांना बरोबरीची वागणूक मिळत नसे. त्वचेच्या रंगाचा त्याच्याशी संबंध नव्हता. संबंध होता तो कोणाची आजी कोण, याच्याशी. म्हणजे जेरुसलेममध्ये जो प्रश्न आम्हाला विचारला गेला तोच आम्ही कोकणातल्या अंगणांतून कित्येक पिढ्या आमच्याच माणसांना विचारत होतो. तो भेद आता लोपला आहे. मात्र तो लोपला तेव्हा कोणी कोणाकडे जाऊन चुकलो असे म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तो नुसता विसरला गेला, आणि विसरणे दोन्ही बाजूंना सारखे सोपे नसते.

आता माझ्याबद्दल.

पंचवीसेक वर्षांपूर्वी मी एका मशिदीचा गबाई, म्हणजे खजिनदार होतो. कोणत्या, ते सांगत नाही, कारण त्याने दुसऱ्या एका माणसाची ओळख उघडी होईल. एलूल महिन्यात वार्षिक हिशेब करताना कपाटातल्या डब्यातली रोकड वहीपेक्षा 742 रुपयांनी कमी भरली. कपाटाची किल्ली शमाशकडे असे. शमाश म्हणजे मशिदीची देखभाल करणारा सेवक: दिवे लावणे, झाडलोट, पुस्तके मांडणे, कोणी वारले की धावपळ करणे ही सगळी कामे त्याची. त्या शमाशना मी 'काका' म्हणत असे. संध्याकाळी आम्ही समितीचे पाच जण अंगणातल्या बाकावर बसलो असताना मी हळू आवाजात म्हणालो, "मी कोणाचं नाव घेत नाही. किल्ली कोणाकडे असते ते सगळ्यांना ठाऊक आहे."

मायमोनिदीस यांनी अशा बोलण्याला निंदेची 'धूळ' म्हटले आहे: थेट काही बोलायचे नाही, पण 'अमक्याबद्दल मला काही सांगायचे नाही' असे म्हणून सगळे सांगून टाकायचे. हे मी तेव्हा वाचलेले होते. वाचलेले असूनही आपण किती सभ्यपणे बोललो, याचेच मला त्या संध्याकाळी समाधान वाटले होते.

दुसऱ्या दिवशी 'काका, आता वयाप्रमाणे तुम्हाला हा त्रास नको' असे सांगून मी किल्ली मागितली. त्यांनी कमरेच्या जुडग्यातून ती काढायला घेतली. कडी घट्ट होती. त्यांनी अंगठ्याचे नख तिच्या फटीत घातले, नख वाकले, किल्ली अर्धी सरकून अडकली. मी हात पुढे करून तसाच उभा होतो. एक-दोन मिनिटे गेली असतील. त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि ते समया पुसायला निघून गेले. त्यांनी कारण विचारले नाही आणि मी सांगितले नाही.

तीन वर्षांनी जुन्या वह्या बांधायला काढल्या तेव्हा एका वहीच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटलेली पावती निघाली. एका निराधार माणसाच्या कफनाच्या कापडाची आणि दफनाच्या इतर सामानाची पावती, 742 रुपये. आधीच्या गबाईंनी घाईत रोकड देऊन ती वहीत ठेवली होती आणि नोंद करायची राहून गेली होती. मी लाल शाईने नोंद केली, समितीच्या बैठकीत 'तो जुना हिशेब लागला' असे सांगितले, आणि चहा आला. काकांना कोणी काही कळवले नाही. माझी कल्पना अशी, की त्यांना संशय घेतल्याचेच माहीत नसेल, तर माफी मागून ती जखम करायची कशाला? ही सबब मला पुढे वीस वर्षे पुरली.

तालमूदमध्ये योमा याच प्रकरणात दोन गोष्टी एकमेकींना लागून आहेत. पहिली रब्बी झेरा यांची. कोणी त्यांचा अपराध केला की ते त्या माणसाच्या समोरून पुन्हा पुन्हा जात, त्याच्या नजरेस पडत, म्हणजे त्याला जवळ येऊन बोलायची इच्छा झाली तर अडचण वाटू नये. दुसरी राव या थोर विद्वानांची. एका खाटकाने त्यांना दुखावले होते आणि योम किप्पूरचा आदला दिवस आला तरी तो आला नाही, म्हणून ते स्वतःच त्याच्याकडे निघाले. वाटेत रब्बी हूना भेटले आणि कुठे निघालात ते कळल्यावर मनाशी म्हणाले, हे तर एकाचा जीव घ्यायला निघाले आहेत. खाटीक जनावराचे डोके फोडत होता. त्याने वर पाहिले, 'तुम्ही होय? जा, मला तुमच्याशी काही बोलायचे नाही' असे म्हटले, आणि त्याच क्षणी हाडाचा तुकडा उडून त्याला वर्मी लागला व तो मेला. ही गोष्ट मला फार दिवस कळत नव्हती. आता वाटते, की एक जण समोरच्याला बोलायला मोकळी जागा करून देतो आणि दुसरा त्याच्या डोक्यावर जाऊन उभा राहतो. हेतू दोघांचाही चांगलाच असतो.

रब्बी झेरा यांची गोष्ट मी दोन वर्षांपूर्वी नातवाला समजावून सांगत होतो आणि सांगता सांगता थांबलो. काका शब्बाथच्या संध्याकाळी प्रार्थनेची पुस्तके वाटत. इतरांच्या जागेवर पुस्तक ठेवून ते पुढे जात. माझ्यापाशी मात्र पुस्तक ठेवल्यावर क्षणभर थांबत. किल्ली घेतल्यापासून ते निवृत्त होईपर्यंत हे चालले होते. मला तो मुका टोमणा वाटे आणि मी पुस्तकाची पाने उलटू लागे. तालमूद त्यांनी कधी हातात धरले नसेल. पण ते काय करत होते, हे मला नातवासमोर बसून कळले.

गेल्या वर्षी एलूल महिन्यात एका रविवारी दुपारी मी त्यांच्या मुलीच्या घरी गेलो. काका आता नव्वदीच्या जवळ आहेत आणि त्यांना फार कमी ऐकू येते. जिना चढताना मी जी वाक्ये जुळवली होती ती पहिल्या दोनदा त्यांना ऐकूच गेली नाहीत. मग मला ओरडावे लागले. समितीत जे हळू आवाजात बोललो होतो त्याची माफी मी दार उघडे असताना, शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मागितली: "काका, ते सातशे चाळीस रुपये तुम्ही घेतले असा संशय मी घेतला होता. माझं चुकलं."

ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सातशे बेचाळीस."

मी पावतीचे सांगू लागलो, तर त्यांनी हातानेच थांबवले. "कफनाचं कापड ना? मीच तर गेलो होतो आणायला. आधीच्या गबाईंनी डब्यातून पैसे काढून माझ्या हातात दिले. दुकान बंद होत आलेलं." मी विचारले, की मग तेव्हाच का सांगितले नाही? त्यांनी उत्तर दिले त्यात राग नव्हता, जरासे आश्चर्य होते. "मला कोणी विचारलंच नाही."

एली निदान हन्नाच्या तोंडावर बोलले होते, म्हणून तिला 'नाही स्वामी' असे म्हणता आले. आम्ही पाच शिकलेल्या, सभ्य माणसांनी काकांचे नाव न घेऊन, त्यांचा मान राखतो आहोत असे समजून, त्यांच्याकडून एवढेही काढून घेतले होते. दोन मिनिटांत मिटणारी गोष्ट होती. आणि ते तीन वर्षे, पावती सापडल्यावरही पुढे, दर शब्बाथला माझ्या जागेपाशी थांबत होते, कोणी विचारील म्हणून.

मुलीने चहा आणला. क्षमा केली असे काका म्हणाले नाहीत आणि मीही राव यांच्या खाटकाची आठवण ठेवून तगादा लावला नाही. निघताना त्यांनी मला परत बोलावले आणि म्हणाले, "मला सांगितलंस ते बरं केलंस. पण मला माहीतच होतं रे. ज्यांच्यापुढे बोललास त्यांना सांग."

यात अडचण अशी, की त्या पाच जणांपैकी दोघे वारले आहेत. एक इस्रायलमध्ये अश्दोदला आहे आणि एक तिथेच दिमोनाला; त्यांना मी पत्रे लिहिली, एकाचे उत्तर आले, त्याला तो प्रसंग आठवतही नव्हता. पाचवा मी. शिवाय बाकावरचे बोलणे बाकावर थांबत नाही. किल्ली दुसऱ्याकडे गेल्याचे पाहून त्या वर्षी किती घरांत काय काय बोलले गेले असेल, ते मला आता शोधता येणार नाही. मायमोनिदीस यांच्या मते देवाच्या बाबतीतल्या अपराधांची जाहीर वाच्यता करू नये, परंतु माणसाच्या बाबतीतला अपराध लोकांसमोर सांगणे प्रशंसनीय आहे. प्रशंसेचा भाग सोडून द्यावा. ज्या घरांत ते बोलले गेले त्यांतल्या बऱ्याच घरांत आपले वर्तमानपत्र येते, एवढ्यासाठी हे पत्र आहे. ज्यांना प्रसंग ठाऊक आहे त्यांना नावाशिवाय ओळख पटेल; ज्यांना ठाऊक नाही त्यांना नाव कळण्याची गरज नाही. माझे नाव आणि पत्ता आपल्या कार्यालयासाठी वेगळ्या कागदावर जोडला आहे. तो कृपया छापू नये.

वर्तमानपत्र काकांच्या मुलीकडेही येते आणि ती त्यांना रोज सकाळी मोठ्याने वाचून दाखवते. जागेअभावी पत्राचा काही भाग गाळावा लागला तर माझी हरकत नाही. मायमोनिदीस गाळले तरी चालतील. मुद्रितशोधनात एवढेच पाहावे, की आकडा चुकू नये. तो 742 आहे.

आपला,
एक बेने इस्रायल वाचक
जिल्हा रायगड